रिनाची लंगडी कॅसेट

फौजेत नगरची पोस्टिंग कुणी हौसेने मागून घेत नाही. उन्हाळ्यात टँकच्या पत्र्यावर भाकरी भाजून निघेल आणि धूळ तर बारा महिने. मी मात्र ऑर्डर मिळाली त्या दिवशी बराकीत जिलेबी वाटली. माझं गाव पाथर्डी तालुक्यात. बाकीचे जवान घरी जायला दोन-दोन रात्री रेल्वेत काढायचे, आणि मी सकाळची एसटी पकडली तर दुपारच्या भाकरीला घरी.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. मी लान्स दफेदार होतो, टँकचा ड्रायव्हर. टँकवर आम्ही चौघे. कमांडर दफेदार बलवंत सिंग, एक गनर, मी, आणि ऑपरेटर सवार लालरिना. सवार म्हणजे आमच्याकडचा साधा शिपाई. घोडे कधीच गेले, नाव तेवढं राहिलं. ऑपरेटरला कामं दोन. तोफेत गोळा भरायचा आणि रेडिओ सेट सांभाळायचा.

लालरिना मिझोरामचा. त्यांच्यात पुरुषांची नावं अशीच 'आ'वर संपतात, हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. माझ्या घरी ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी आपला पत्रात लिहून मोकळा झालो की रविवारी रिनाबरोबर नगरात सिनेमा पाहिला. पुढच्या सुट्टीला घरी गेलो तर सुमन, माझी बायको, पाण्याचा तांब्या घेऊन काही पुढे येईना.

"ही रिना कोन?"

"अगं, बाप्या हाय तो."

"मंग आनून दावा."

रिनाकडे एक कॅसेट होती. अमेरिकेतल्या एका जुन्या बँडची, निवडक गाजलेल्या गाण्यांची. तो बँड आम्ही शाळेत जायच्या आधीच फुटला होता म्हणे. ही कॅसेट त्याच्या थोरल्या भावाने त्याला भरतीच्या वेळी दिलेली. बराकीतल्या टू-इन-वनवर ती रोज संध्याकाळी वाजायची. मी भजन-लावण्यांवर वाढलेला माणूस, पहिल्यांदा मला तो नुसता गोंगाट वाटला. मग हळूहळू ध्यानात आलं की ही शहरी गाणी नव्हेत. गिटार साधी, ढोलाचा ठेका बैलाच्या चालीसारखा संथ, आणि गाणाऱ्याचा गळा धूळ खाल्लेला. रिना म्हणाला, ही खेड्यातल्या लोकांची गाणी आहेत. त्यातलं पहिल्या बाजूचं तिसरं गाणं मला फार आवडायला लागलं. घरापासून लांब गेलेला माणूस आता परत निघालाय, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजी मला येत नव्हतं. नुसत्या कानाने मी ते अख्खं पाठ केलं.

अख्खं म्हणजे, जेवढं कॅसेटवर उरलं होतं तेवढं. एका संध्याकाळी टू-इन-वनने त्या गाण्याची टेप गिळली. रिनाने ती पेन्सिलीने सोडवली, चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापला आणि दोन्ही टोकं सेलोटेपने जोडली. कॅसेट वाचली, पण गाण्यातले चार-पाच शब्द गेले. त्या जागी एक खटका बसायचा आणि गाणं एकदम पुढे उडी मारायचं. दुसऱ्या बाजूचंही एक गाणं तसंच अधू झालं, पण ते आम्ही फारसं ऐकत नसू.

"लालरिना, तेरा गाना लंगड़ाता है," दफेदारसाहेब म्हणायचे.

रिनाला ते सहन होत नसे. खटका आला की तो गेलेले शब्द घाईघाईने स्वतः म्हणायचा. गाणं पुढे निघून गेलेलं असायचं आणि हा मागून धावत यायचा. सगळी बराक हसायची. तोही हसायचा, पण शब्द म्हटल्याशिवाय राहायचा नाही.

सुमनने सांगितलं होतं म्हणून एका सुट्टीला मी त्याला गावी घेऊन गेलो. आई-वडील ऊसतोडीचा हंगाम संपवून नुकतेच परतले होते. वडिलांनी त्याला नीट न्याहाळलं.

"नेपाळचा का रं ह्यो?"

"इंडिया का हूँ, बाबा," रिना म्हणाला. प्रश्न त्याला कळला होता. कुठेही गेला तरी हाच प्रश्न असायचा.

वडील ओशाळले. "मंग आपलाच की," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या ताटातला ठेचा त्याला वाढला. रिनाने तो डोळ्यांत पाणी न आणता खाल्ला. आई एवढी खूश झाली की तिने त्याला तिसरी भाकरी विचारलीच नाही, सरळ वाढली. सुमनने बाप्या माणूस डोळ्यांनी पाहिला आणि तिचा राग गेला. नंतर तिनेच शेजाऱ्यांचा टेप मागून आणला.

तिसऱ्या गाण्याला खटका आला. रिनाने शब्द म्हटले. वडील म्हणाले, "ह्ये तर आमच्या गाड्यांवानी झालं."

मग मी रिनाला हिंदीत समजावून सांगितलं. उसाने भरलेल्या बैलगाड्या रात्री कारखान्याकडे निघतात, एकामागे एक. दिवसभर ऊस तोडून गाडीवान मोडलेला असतो. डोळा लागला तर चाकाखालीच जायचा. म्हणून मागचा गाडीवान हाळी देतो आणि पुढच्याने 'व्हय' म्हणायचं.

"आन व्हय न्हाई आलं," वडील म्हणाले, "तर बैलं सोडून त्येच्याकडं पळायचं."

रिनाने तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. त्याच्या तोंडी 'व्हय' इतकं गोड लागलं की सुमन पदर तोंडाला लावून हसत बसली. परत आल्यावर त्याने ती पद्धत टँकवर सुरू केली. लांबच्या मूव्हला मी पुढे एकटा बसलेला असायचो. इंटरकॉमवर तो आमचं गाणं गुणगुणायचा, मध्येच थांबायचा, आणि मी 'व्हय' म्हणायचो. दफेदारसाहेबांना ऐकू यायचं. इंटरकॉमवर फालतू बोलायचं नाही, असा नियम होता. साहेबांनी तो नियम आम्हाला कधी सांगितला नाही.

त्या दिवशी सकाळी नाश्ता करून आम्ही फायरिंग रेंजकडे निघालो. गनर आजारी होता, म्हणून तिघेच. आदल्या दोन दिवसांत वळवाने झोडपलं होतं. ट्रॅक नेहमीचाच, एका कोरड्या नाल्याच्या काठाने जाणारा. काठ आतून पोखरला होता, ते वरून दिसत नव्हतं. उजवीकडची जमीन खचली आणि टँक नाल्यात जाऊन एका कुशीवर पडला.

मी माझ्या हॅचमधून सरपटत बाहेर आलो. दफेदारसाहेब बाहेर फेकले गेले होते, त्यांचा हात मोडला होता. रिना आत होता. गोळ्यांची रॅक सुटून त्याच्या कमरेवर आली होती. मी आत शिरलो, खांदा लावला. रॅक हलली नाही.

रेडिओ सेट चालू होता, आणि तो त्याच्या हाताशी होता.

"हॅलो कंट्रोल, टू ब्राव्हो. टँक पलटी. एक जखमी, एक फँसा हुआ. रिकव्हरी और ॲम्ब्युलन्स भेजिए. ओव्हर."

"टू ब्राव्हो, फँसा हुआ कौन? ओव्हर."

"ऑपरेटर. मैं ही. ओव्हर."

रोजच्या रेडिओ चेकला असायचा तसाच आवाज होता. पलटलेला टँक ओढायची रिकव्हरीची गाडी निघाल्याचं कंट्रोलने कळवलं. दफेदारसाहेब हॅचमधून डोकावले. "उसको सोने मत देना," एवढंच म्हणाले.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाहेरून रक्त फार दिसत नव्हतं, म्हणून मला आशा होती. डोळे मिटायला लागला की मी नावाने हाक मारायचो. मग हाकेला उत्तर यायला वेळ लागू लागला. तेव्हा मी गाणं सुरू केलं. इंग्रजीचा पत्ता नाही, पण कॅसेटवर होतं तसं म्हणत गेलो. खटक्याच्या जागी आलो आणि थांबलो.

त्याने ते शब्द म्हटले. डोळे न उघडता, पण सगळे म्हटले. वर हसलासुद्धा.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्याने पुन्हा म्हटले. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. लांबून रिकव्हरीचं इंजिन ऐकू यायला लागलं होतं. मी त्याला म्हणालो, ऐक, आले बघ. आणि आणखी एकदा म्हणायला लागलो. त्या जागी आलो. थांबलो. वाट पाहिली.

वडिलांनी सांगितलं होतं, व्हय आलं नाही तर पळायचं. मला पळायला जागा नव्हती. मी तसाच त्याचं डोकं धरून बसलो आणि रडलो.

पोट आतून फुटलं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रिकव्हरी लगेच आली असती तरी उपयोग नव्हता म्हणाले. चौकशीत कुणाची चूक निघाली नाही. त्याचा थोरला भाऊ नगरला आला. मी कॅसेट त्याच्या हातात दिली आणि काय झालं ते सांगितलं. भावाने कॅसेटमधला तो सेलोटेपचा जोड उजेडात धरून पाहिला. मग कॅसेट माझ्या खिशात परत ठेवली. म्हणाला, "हमारे घर में यह गाना पूरा है. यह वाला आपका है."

पुढे मी पेन्शनवर आलो, नागापूरच्या एमआयडीसीत गेटवर सिक्युरिटीला लागलो. वडील गेले. शेवटपर्यंत त्यांना कुणी माझ्या फौजेबद्दल विचारलं की ते रिनाच्या ठेच्याची गोष्ट सांगायचे. ते पूर्ण गाणं मी नंतर एकदा एका हॉटेलात ऐकलं. चांगलं होतं. पण खटका आला नाही, आणि मी चहा अर्धा टाकून उठलो.

दरवर्षी त्या दिवशी मी आमची कॅसेट लावतो. सेलोटेप पिवळी पडली आहे, पण जोड धरून आहे. ते शब्द मला पाठ आहेत. मी ते म्हणत नाही, ती जागा त्याची आहे. सुमन आत भाकरी थापत असते. तिसरं गाणं लागलं की थापण्याचा आवाज थांबतो. खटका येतो, गाणं उडी मारतं, आणि आतून ती म्हणते,

"व्हय."