जावयाच्या टाकीतलं हिरवं पेट्रोल

जावयाच्या नव्याकोऱ्या मोटरसायकलच्या टाकीत मी स्वतःच्या हाताने तेल ओतलं, त्यामागे काहीही वैर नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण धारूरच्या बाजारात याची दुसरीच हकिगत फिरते आहे.

अधिकमास होता. आमच्या लेकीच्या, सोनालीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा मान. विकासराव आणि सोनाली आदल्या संध्याकाळीच मोटरसायकलवर आले होते. व्याही-विहीण दुपारी केजहून कार घेऊन जेवायला येणार होते. पुरण शिजत होतं, अनारसे मोजून झाले होते, आणि पहाटेच्या वावटळीत आमच्या वस्तीच्या वाटेवर बाभळीची भलीथोरली फांदी आडवी झाली. वाट एकच. विहीणबाईंचे गुडघे असे की डांबरी सडकेपासून वस्तीपर्यंत चालत येणं त्यांना शक्य नाही. म्हणजे विहीण सडकेवर आणि पुरण चुलीवर!

बायको म्हणाली, पलीकडच्या शेतातल्या आखाड्यावरच्या दोघा गड्यांना कुऱ्हाडी घेऊन बोलवा, घटकाभरात वाट मोकळी होईल. तिचं बरोबर होतं. (तिचं बरोबर असतं, हीच आमच्या संसारातली मुख्य अडचण आहे.) पण माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी करवत होती. हिवाळ्यात कृषी प्रदर्शनातून मी ती आणली, तेव्हा ही एवढंच म्हणाली होती, "आपल्याला झाडं तोडायची न्हाईत, मग करवत कावून?" तेव्हापासून ती पलंगाखाली पोत्यात पडून होती आणि घर झाडताना ही त्या पोत्याला मुद्दाम केरसुणी मारायची. आज व्याह्यांसमोर करवत चालली तर माझी लाज राहणार होती. नाही चालली तर पोतं भंगारात जाणार होतं. मला एरवीही एका जागी बसवत नाही. त्या दिवशी तर मी अंगणात पिंजऱ्यातल्या वाघासारख्या फेऱ्या मारत होतो.

करवतीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला पेट्रोलमध्येच तेल कालवून द्यावं लागतं. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर धूर. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरुणपणी मी टू-स्ट्रोक मोपेडवर अख्खा बालाघाट पालथा घातलेला माणूस!

वाऱ्याने लाइट गेली होती, त्यामुळे माझी बॅटरीची स्कूटर मेलेली. मी जावयाची किल्ली मागितली. विकासराव भला माणूस. "घ्या की मामा, काल केजातच टाकी भरलीय," म्हणाला. त्याचं हे वाक्य मी ऐकलं, पण निघायच्या घाईत त्याचा विचार काही केला नाही. फांदीच्या कडेने गाडी कशीबशी बाहेर काढली आणि धारूर गाठलं.

धारूरच्या दुकानदाराने तेलाच्या बाटल्या मांडल्या. एक भारीतलं, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग पुरणारं. दुसरं हिरवं, साधं, पंचवीसला एक लागणारं. हिरवं घातलं की रंगावरून मिश्रण ओळखू येतं, साधं पेट्रोल म्हणून कोणी चुकून वापरत नाही, असं तो म्हणाला. मला ते पटलं. शिवाय करवतीवरही पंचवीसला एकच लिहिलेलं होतं, आणि जावयाच्या जेवणाच्या दिवशी तेलात हात आखडता घेणं मनाला बरं वाटेना. हिरवी बाटली घेतली आणि पंपावर गेलो.

पंपावरचा माणूस म्हणाला, बाटलीत पेट्रोल देत न्हाई, टाकीत घ्या. झालं! माझा मोपेडचा काळ अंगात आला. तेव्हा आम्ही असंच करायचो: टाकीत पेट्रोल, वरून मापाने तेल, मग गाडी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायची. घरी गेल्यावर नळीने काढून घेऊ, त्यात काय! लिटरभर पेट्रोल, त्याच्या हिशेबाने तेल, आणि मी गाडी हलवायला लागलो.

"काका," पंपवाला म्हणाला, "ही फोर-स्ट्रोक हाय."

"मला माहीत आहे," मी म्हणालो आणि आणखी जोरात हलवली.

वस्तीच्या अर्ध्या वाटेवर डोक्यात प्रकाश पडला. टाकी आधीच जवळपास भरलेली होती! माझं एका लिटरचं तेल आता सगळ्या टाकीत पांगलं होतं. हे पातळ मिश्रण करवतीला पाजलं तर पिस्टन जाम होणार, तेही व्याह्यांच्या देखत. उपाय एकच होता. तिथेच गाडी उभी करून सगळ्या टाकीचा हिशेब केला आणि उरलेलं तेलही आत ओतलं. हिशेबापेक्षा थोडं जास्तच गेलं, पण म्हटलं असू द्या. मग पुन्हा हलवली. एक सायकलवाला थांबून विचारू लागला, गाडीला काय झालंय. मी म्हणालो, काही नाही, हलवतोय.

त्यानंतर गाडी जी धुरायला लागली, ती काही विचारू नका. मागचा रस्ता दिसेना. मागून येणाऱ्या जीपवाल्याने भर उन्हात दिवे लावले. वाटेतल्या तांड्यावर बायांनी पोरं आत घेतली, दारं लावली, आणि एका आजीने खिडकीतून मला विचारलं, डासाचं औषध आमच्या मागल्या गल्लीत कवा मारणार? मी उद्या म्हणून सांगितलं. उगाच गाडी थांबवून खुलासा करत बसायला वेळ नव्हता.

वाटेवर फांदीपाशी गाडी लावली, घरून करवत आणि नळी आणली, नळी तोंडाला लावून पेट्रोल ओढलं (त्यातलं थोडं पोटातही गेलं, संध्याकाळपर्यंत ढेकरा पंपासारख्या येत होत्या), करवत भरली, दोरी ओढली. दहा-वीस हिसक्यांनंतर करवत गरजली. खरं सांगतो, असा आनंद मला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. बाभूळ लोण्यासारखी कापत गेली. भान हरपून मी शेवटचं ढलपंही दोनदा कापलं. करवत बंद करून वळलो, तर मागे मोटरसायकल नव्हती. तिच्या जागी निळसर धुराचा एक ढग तरंगत होता.

सोनालीने सांगितलं की व्याह्यांचा फोन आला, ते फाट्यावर चुकलेत, म्हणून विकासराव त्यांना आणायला गेलाय.

ती वरात मी जन्मात विसरणार नाही. पुढे धूर सोडत जावई, मागे काचा बंद केलेली कार आणि आत नाकाला पदर लावून बसलेल्या विहीणबाई. विकासरावाचं तोंड एवढंसं झालं होतं. "मामा, इंजिन गेलं," तो म्हणाला आणि हँडलवर हात ठेवून नुसता उभा राहिला. हप्त्यावर घेतलेली गाडी. मला फार वाईट वाटलं. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. शब्दाआधी पेट्रोलची ढेकर आली.

व्याही तापट. शोरूमवाल्याला आत्ताच्या आत्ता धरतो म्हणाले. मग त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. "पेट्रोल हिरवं कावून?" म्हणजे भेसळ! आता शोरूम सुटलं आणि पंप सापडला. जेवण मग, आधी पंपावर चला, म्हणून त्यांनी कारचं दार उघडलं सुद्धा. पुरण थंड होत होतं, धोंड्याचा मान चालता होत होता, आणि बायको दारात उभी राहून माझ्या शर्टाच्या खिशातून डोकावणाऱ्या हिरव्या रिकाम्या बाटलीकडे पाहत होती.

"पंपावर कावून जाता?" ती म्हणाली. "पंप हितंच हुबा हाय."

मग मी सगळ्यांना पंचवीसला एकचं शास्त्र समजावून सांगितलं. सगळ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. इंजिन शाबूत आहे, साधं पेट्रोल पडलं की धूर थांबेल, हे ऐकून विकासराव खाली बसून हसायला लागला. बायकोने मात्र एकच विचारलं: "गाडीत पेट्रोल हुतंच. घरीच बाटलीत काढून तेल घातलं असतं तर?"

मी वाढपाची गडबड केली.

जेवणं झाल्यावर टाकीतलं सगळं मिश्रण कॅनमध्ये काढलं. हे आता करवतीशिवाय कशालाच चालणार नव्हतं आणि त्यातलं बहुतेक पेट्रोल तर जावयाचं. व्याही म्हणाले, आमच्याही बांधावर सुबाभळी लई माजल्यात. बस्स! बायकोने जावयाला ओवाळलं, अनारशांचं ताट दिलं आणि ताटाशेजारी पोत्यातली करवत आणून ठेवली. व्याही "छे छे, कशाला" म्हणत होते आणि करवत डिकीत बसते का तेही बघत होते.

आता आमच्याकडे झाड पडलं की जावयाला फोन जातो. तो करवत घेऊन लगेच येतो, पण जावई येणार म्हणजे व्याही-विहीण येतात आणि मनगटाएवढ्या फांदीसाठी पुरण घालावं लागतं. परवा असेच सगळे जमले, पोटभर जेवले आणि मग लक्षात आलं की करवतीचं तेल संपलंय. मी चपला घालत म्हणालो, थांबा, मी आणतो. तसं लेक-जावयाच्या आधी विहीणबाईच पाटावरून उठल्या आणि दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या त्यांनी कमरेला खोचल्या.