सरळ धार

रिंकवर सगळे त्यांना धारवाले म्हणत. बर्फाच्या त्या मैदानाच्या जिन्याखाली त्यांची खोली होती. तिथे एक दिवा, धार लावायचं यंत्र आणि खिळ्यांना टांगलेले लोकांचे बूट. स्केटिंगच्या बुटाला तळाशी पोलादी पातं असतं, पात्याला लांबीभर बारीक खोबण, आणि खोबणीच्या दोन्ही अंगांना दोन कडा. त्या दोन्ही सारख्या उंचीच्या राखायच्या, एवढंच काम. पण एक कड केसभर वर राहिली, तर माणूस कुठे जाऊन आपटेल याचा नेम नाही, आणि बर्फ म्हणजे काही गादी नव्हे.

आणि गेलं वर्षभर धारवाल्यांना त्या कडा धड दिसत नव्हत्या.

पात्यावर पट्टी आडवी ठेवून ती समतल आहे का पाहायचं, तर एकाच्या दोन पट्ट्या दिसत. बायकोला सांगितलं नाही, मुलीला तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. यंत्राचा दगड झिजलाय, ही सबब सांगून लोकांचे बूट ते परत पाठवू लागले. पण पोटच्या पोरीचे बूट परत कसे पाठवणार? “बाबांशिवाय माझ्या पात्याला कुणी हात लावायचा नाही,” असं ती मैत्रिणींना तोऱ्यात सांगायची आणि हे तिच्या पात्यावर पट्टी पुन्हा पुन्हा ठेवून बघायचे.

स्पर्धा जवळ आली. यंदा मुलगी हवेत तीन गिरक्या घेऊन उतरणार होती. उतरायचं ते एका पायावर, बाहेरच्या कडेवर, तेही पाठमोरं. एकदा अशीच उडी चुकलेली एक मुलगी त्यांनी स्ट्रेचरवरून जाताना पाहिली होती. तिचे डोळे उघडे होते, पण ती कुणालाच ओळखत नव्हती. हल्ली त्या चेहऱ्याच्या जागी त्यांना आपलीच मुलगी दिसायची.

शेवटी त्यांनी नको ते केलं. मुलीचे बूट पिशवीत घातले, बस पकडली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून धार लावून आणली. आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या दारी. लाज वाटली, पण परत येताना जीव भांड्यात पडला होता. दुकानदार तरुण होता आणि त्याचे डोळे लख्ख होते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सराव होता. धारवाले खोलीतच बसून होते. वरून धप्प असा आवाज आला. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी ते उठून उभे राहिले.

थोड्या वेळाने मुलगी आत आली. कोपर सोललेलं, ओठ पांढरे.

“बाबा, धार कुणी लावली?”

“मीच की. दुसरं कोण लावणार?”

“खोटं बोलू नका. ही सरळ आहे.”

धारवाल्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ते मटकन स्टुलावर बसले.

“वर्षभर बाहेरची कड जरा वरच असते,” ती म्हणाली. “पहिल्यांदा पडले तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही या यंत्राला पुन्हा शिवला नसता. मग मीच पाऊल तसं टाकायला शिकले. शिकवणाऱ्या बाई ओरडतात, घोटा वाकडा का पडतो म्हणून. पडतो, म्हटलं.” तिने बूट काढून त्यांच्यापुढे ठेवले. “पण आता सरळ पात्यावर मला उभंच राहता येत नाहीये. मला भीती वाटतेय, बाबा.”

“मग आज नको उतरूस. चुलीत गेली स्पर्धा!”

“उतरणार. तुम्ही तुमची धार लावा.”

आता आली का पंचाईत! जन्मभर सरळ धारेसाठी झिजलेल्या माणसाने नेमकी वाकडी लावायची, तीही तेवढीच, केसभर कमी नाही की जास्त नाही. आपली चूक किती होती हे ज्याला कधी दिसलंच नाही, त्याने ती पुन्हा करायची कशी?

त्यांनी यंत्र चालू केलं. पट्टी उचलली आणि बाजूला ठेवली. पाहून काही साधणार नव्हतं. मग रोजच्यासारखे बसले, रोजच्यासारखा खांदा टेकवला आणि पातं दगडावरून सरकू दिलं. मनात एकच जप, हिला काही होऊ नये, हिला काही होऊ नये. मुलीने पात्यावरून नख फिरवलं, मान हलवली आणि बूट घेऊन गेली. नखाने तिला काय कळलं असेल, देव जाणे.

तिची पाळी आली तेव्हा धारवाले बायकोशेजारी कठड्याला धरून उभे होते. समोर पांढऱ्यावर एक निळा ठिपका हलत होता. संगीत चढलं, ठिपका उडाला आणि पांढऱ्यात नाहीसा झाला.

“पडली का?” त्यांनी बायकोचा दंड घट्ट पकडला.

“मला काय विचारताय? मी डोळे मिटलेत!”

“अगं, मग उघड!”

“नाही हो होत धीर. तुम्हीच सांगा ना!”

“मला दिसत नाही,” धारवाले म्हणाले. वर्षभर गिळलेलं वाक्य असं भलत्याच वेळी बाहेर पडलं. बायकोने डोळे उघडले, पण ती बर्फाकडे बघायचं सोडून यांच्याकडेच बघत राहिली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पण टाळ्यांवर काय विश्वास ठेवायचा? इथे पडून उठणाऱ्यालाही लोक धीर द्यायला टाळ्या वाजवतात.

संगीत थांबलं. निळा ठिपका मोठा होत होत कठड्याशी आला. बर्फावर पडलेल्या माणसाचे कपडे ओले होतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. चारचौघांची पर्वा न करता ते मुलीचे कपडे चाचपू लागले. कोपर, पाठ, कंबर, मग वाकून गुडघे. एकदा झालं, पुन्हा एकदा चाचपलं.

“कोरडी आहे, बाबा,” मुलगी म्हणाली. तेव्हा कुठे धारवाल्यांना रडू फुटलं.