चौथ्या थराचा अल्बम

बाईंनी खाणीच्या नकाशा-कचेरीत एकतीस वर्षं ट्रेसिंगच्या कागदावर बोगदे काढले, पण खाली एकदाही उतरल्या नाहीत. बायकांना खाली सोडतच नसत. पुढे कोळसा संपला, कचेरीला कुलूप लागलं आणि बाई घरी बसल्या. मग कधीतरी त्यांना ती वेबसाइट सापडली, बंद खाणींत हौसेने उतरणाऱ्यांची. फोटो हजारोंनी, पण सगळी सरमिसळ. तिसऱ्या थरातलं एक दार 'गूढ दालन' म्हणून मिरवत होतं. बाईंनी खाली लिहिलं, 'ही मुतारी आहे.'

वेबसाइट चालवणारा होता एक प्लंबर. त्याचा फोन आला. "ताई, एवढं माहीत आहे तर अल्बम तुम्हीच लावा ना."

तेव्हापासून चार वर्षं, दुपारची जेवणं आटोपली की बाई कॉम्प्युटरसमोर. खाणीगणिक अल्बम, त्यात थराथराचे, आणि फोटो अशा ओळीने की लिफ्टमधून उतरून आपणच चालत निघालो आहोत असं वाटावं. नकाशे पाठच होते. नवरा, खाणीतलाच गवंडी, शेजारच्या खोलीत धापा टाकत पडलेला असे. त्याने स्क्रीनकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. "अंधार बघून पोट भरलंय माझं," म्हणायचा.

चौथ्या थराची पूर्वेची बाजू मात्र रिकामी होती. तिथे आग लागून छत बसलं आणि तिघं गाडले गेले, असं तेव्हा सांगितलं होतं. तिघांत बाईंचा थोरला भाऊ होता. दादा गेल्यावर आठव्या दिवशी बाई कामावर आल्या, तर टेबलावर इंजिनिअरची चिठ्ठी. चिठ्ठीप्रमाणे नकाशातल्या त्या बोगद्यावर आडव्या रेघा मारून 'दगडाने भरला' हे बाईंनीच लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात.

आणि एका दुपारी तिथला फोटो आला. दगड नव्हते. विटांची भिंत होती. वरची वीट निखळली होती आणि बॅटरीच्या उजेडात पलीकडे बोगदा सरळ, मोकळा दिसत होता.

बाईंनी नवऱ्याला हाताला धरून आणलं. "अहो, ही भिंत कुणाची?"

त्याने स्क्रीनजवळ वाकून पाहिलं. "माझी."

"छत बसलं होतं ना?"

"आग होती. आगीची हवा तोडली नसती तर वरच्या थरांतले ऐंशी जण गेले असते. साहेब म्हणाले बांध, मी बांधली."

"आतून आवाज येत होता?"

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "पाणी उपसायचा पंप धडधडत होता. मला काही ऐकू आलं नाही."

ती भिंत बांधल्यावर दीड वर्षाने याच माणसाने घरी येऊन बाईंना मागणी घातली होती. बाईंनी आता त्याचं कारण विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. भिंतीला धरत धरत तो आपल्या खोलीत गेला.

पुन्हा कुणी तिथे जाऊन आत बघेल का, असं त्यांनी प्लंबरला विचारलं. तो म्हणाला, "ताई, पंप केव्हाचे बंद आहेत. आता चौथ्या थरातही पाणी शिरलंय. हा शेवटचाच फोटो."

बाईंनी तो अल्बममध्ये टाकला. खाली काय लिहावं ते सुचेना. शेवटी 'विटांची भिंत' एवढंच लिहिलं.

नवे फोटो येत राहिले आणि ढीग साचत गेला. प्लंबरने दोनदा विचारलं, मग ते काम दुसऱ्याला दिलं. त्या गृहस्थाने सगळे थर मोडून फोटो तारखेप्रमाणे लावून टाकले. त्यात भिंतीचा फोटो कुठे गेला, हे बाईंनी शोधलंही नाही.

नवऱ्याचं सगळं बाई वेळच्या वेळी करतात. औषध घ्या, पाणी ठेवलंय, दार ओढून घेते, एवढंच बोलणं घरात उरलं आहे.