डांबर सोडायचं न्हाई

सायकल चालवणाऱ्याकडं किस्से आपोआप साचतात. मोटारवाला काच वर करून निघून जातो, त्याला काय कळणार? आम्हाला मात्र रस्त्यावरचा प्रत्येक जण काहीतरी ऐकवूनच जातो! परभणीतला आमचा सकाळचा ग्रुप तसा लहानच. गणित शिकवणाऱ्या जाधव मॅडम, टेलर सलीमभाई आणि मेडिकलवाला मी. फिरून आलो की चहासोबत किस्सा ठरलेला. काही हसवणारे, काही मनात राहणारे.

*

मॅडमचा नियम एकच. "डांबर सोडायचं न्हाई. कडेला चिटकलात की गाडीवाल्याला वाटतं, जागा हाय, घुसा!" म्हणून त्या काठापासून हातभर आतूनच चालवतात.

वसमत रोडला एक ऑटोवाला हॉर्न वाजवून दमला. शेवटी शेजारी येऊन ओरडला, "ओ मॅडम, रोड काय तुमच्या बापाचा हाय का?"

पायडल मारत मारतच मॅडम म्हणाल्या, "तुमच्याबी बापाचा हाय. म्हणून तर अर्धा सोडलाय!"

ऑटोवाला खदखदून हसला आणि लांबून वळसा घालून गेला.

*

एकदा चौकात ट्रॅफिक हवालदारानं मला हात केला. मी घाबरलो. सिग्नल तोडला न्हाई, राँग साइड न्हाई, मग थांबवलं कशाला?

हवालदार माझ्याभोवती एक चक्कर मारून आले. "कुठले तुमी?"

"इथलाच, साहेब. परभणीचा."

"मग हेल्मेट कसं काय घातलं?"

*

जिंतूर रोडला मेंढरांचा मोठा कळप लागला. पुढं ट्रक, मागं जीप, सगळ्यांचे हॉर्न चालू. आम्ही अंग चोरून कडेनं निघालो, तर कळपाचं कुत्रं सलीमभाईंच्या पायाशी आलं! धनगर लांबूनच ओरडला, "मधी चला, मधी! कडेच्याला ते मेंढरूच समजतंय!"

आम्ही मधे शिरलो. चारी बाजूंनी लोकर, धूळ आणि बें बें. ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं, मग हॉर्नही थांबले. त्या शांततेत कळपासोबत आम्ही असे चाललो, की मॅडमना नियम सांगायचीही आठवण राहिली न्हाई.

*

उसाच्या ट्रॅक्टरची आम्हाला सगळ्यात जास्त भीती. दोन ट्रॉल्या, लटकणारा ऊस आणि कान फाटतील अशी गाणी. गंगाखेड रोडला असाच एक मागून आला आणि आमच्याजवळ येताच त्याचं गाणं बंद पडलं. सावकाश लांबून पुढं गेला, की परत चालू!

पुढं तो चहाला थांबलेला दिसला. सलीमभाईंनी विचारलंच, "भाई, गाणं का बंद केलं होतं?"

"गाणं चालू असलं की मागं कुणी पडल्यालं ऐकू येत न्हाई."



*

आणि हा सलीमभाईंचा.

पूर्णा रोडला सवाऱ्या नेणाऱ्या एका जीपचा त्यांना धक्का लागला. हात मोडला. जीपवाला बाळू पळाला न्हाई. त्यानंच उचलून दवाखान्यात आणलं आणि बाहेर उभा राहिला. जबाब घ्यायला पोलीस आले. सलीमभाई म्हणाले, "साहेब, चूक त्याची हाय. पण मला टाकून गेला न्हाई. दोन्ही लिहा."

हात बरा झाला, पण भीती गेली न्हाई. पुन्हा त्याच रस्त्यावर आलो तेव्हा सलीमभाई डांबर सोडून खडीवरून चालवू लागले. सायकल डुगडुगायची. मॅडम समजावून थकल्या. पूर्णा जवळ आली आणि मागं जीप आली. सलीमभाई अजून कडेला सरकले, हातानं 'पुढं जा' म्हणाले. जीप पुढं जाईना!

खिडकीतून बाळूनं डोकं काढलं. "चाचा, खडीवर कशाला? वर या. मी हाय की मागं!"

सलीमभाईंनी मागं बघितलं. थोडा वेळ तसेच चालले. मग हळूच हँडल वळवलं आणि डांबरावर आले.

जीप खच्चून भरलेली होती. कुणाला पूर्णा स्टेशनवर गाडी पकडायची असेल, कुणाला ड्युटी. पण पूर्णा येईपर्यंत सायकलच्या चालीनं चाललेल्या त्या जीपमधून एकजणही "चल की लवकर" म्हणाला न्हाई!