अबू रातिबचा आजार यादीत नव्हता

अबू रातिबला अकरा वर्षांपासून हृदयाचा आजार होता, आणि या आजारानं त्याला जेवढं सुख दिलं तेवढं पोटच्या पोरांनीही दिलं नव्हतं. एकदा जनाज्यामागून चालताना तो चक्कर येऊन पडला. तेव्हा अजलूनच्या डोंगरातल्या आमच्या गावात डॉक्टर हन्ना होते, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. त्यांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली आणि फाइलवर लिहिलं, 'दमलेलं हृदय. श्रम नकोत.' ते असंच लिहायचे. कुणाच्या फाइलवर 'रक्त जड', कुणाच्या 'पोटात काळजी'. गावाला ते समजायचं, आणि ते होते तोवर कुणाचं काही अडलं नाही.

त्या दिवसापासून अबू रातिबनं काडी इकडची तिकडे केली असेल तर शपथ. भाऊबंदांच्या बैठकीत शेगडीजवळची जाड गादी त्याची झाली. कॉफी ओतणारा पाहुण्यांना देऊन झालं की आधी त्याच्याकडे वळायचा. ऑलिव्हच्या हंगामात तो झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा आणि शिडीवर चढलेल्या बायकोला, हुस्नाला, कुठली फांदी राहिली ते बोटानं दाखवायचा. गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करायला तीच चढायची, गॅसही तीच ओढत आणायची.

"मला झेपत नाही गं, हृदय दमलंय," तो म्हणायचा.

"हृदय दमलंय, जीभ काही दमली नाही तुमची," हुस्ना म्हणायची आणि चढायची.

मग राजधानीतून नवा नियम आला. देशातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत आजारांची नावं आता एकाच यादीतून घ्यायची, म्हणजे इर्बिदच्या डॉक्टरनं लिहिलेलं अकाबाच्या डॉक्टरला फोन न करता कळावं. आमच्या दवाखान्यातली नर्स इनास हिवाळाभर कॉम्प्युटरपुढे बसून हन्नांच्या फाइली त्या यादीत बसवत होती. ज्याची फाइल बसली त्याला छापील कागद मिळायचा: नाव, आजार आणि आजाराचा नंबर. म्हातारे तो ओळखपत्रासोबत छातीच्या खिशात ठेवू लागले.

बैठकीत पहिला कागद आणला अबू निमरनं. हा अबू रातिबचा सख्खा चुलतभाऊ, आणि लहानपणापासून डोळ्यात खुपणारा. त्यानं चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचलं, "दीर्घकालीन हृदयविफलता, डावा कप्पा, श्रेणी तीन." मग सगळा नंबरही म्हणून दाखवला, कागदाकडे न बघता.

"श्रेणी किती असतात?" कुणीतरी विचारलं.

"चार," अबू निमर म्हणाला. "अल्हम्दुलिल्लाह." जणू संसदेवर निवडून आला होता.

बैठकीतले थोरले म्हणाले, "अबू रातिब, जरा सरक. त्याला शेगडीजवळ येऊ दे."

अबू रातिब सरकला. दाराजवळच्या पातळ गादीवर बसला, तिथं त्याला कॉफी सातव्या नंबरला मिळाली, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येईपर्यंत तो एकटाच पुटपुटत होता.

"डावा कप्पा म्हणे!" तो हुस्नाला म्हणाला. "त्या गाढवाला डावं-उजवं कधी कळलं होतं का? शाळेत जोडेसुद्धा उलटे घालायचा."

"आजारी माणसाचा कसला हेवा करता?"

"मी आजारी नाही? मी त्याच्या सहा वर्षं आधी आजारी पडलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इनासच्या टेबलासमोर उभा होता. तिनं फाइल उघडली आणि मान हलवली. "अम्मो," ती म्हणाली, कारण गावातले सगळे म्हातारे तिचे काकाच, "'दमलेलं हृदय' यादीत नाही."

"एवढी मोठी यादी आणि त्यात माझा आजार नाही?"

"लाखो नावं आहेत. हे नाही."

"उंट चावला तर?"

इनासनं शोधून बघितलं. "ते आहे."

"बघ. उंट चावलेल्याला कागद, आणि मी अकरा वर्षं भोगतोय तर मला ठेंगा."

"जे बसत नाही ते पुन्हा तपासायचं, असा नियम आहे. बुधवारी हृदयाच्या डॉक्टरीणबाई मशीन घेऊन येतात. तेव्हा या."

"त्यांना आधीच सांगून ठेव, अबू निमरला तीन दिलीय. मला त्याच्याहून कमी चालणार नाही."

"अम्मो, ही काय बढती आहे?"

बुधवारपर्यंतचे चार दिवस अबू रातिबनं नुसती धुसफुस केली. रोज संध्याकाळी अबू निमरची दोन पोरं बापाला दोन्ही हातांना धरून मशिदीत न्यायची, आणि लोक वाट देऊन तब्येत विचारायचे. अबू रातिब हे खिडकीतून बघायचा आणि त्याचा जीव जळायचा. त्याला अबू निमरची पोरं नको होती, घर नको होतं, शेळ्याही नको होत्या. त्याला फक्त तो डावा कप्पा हवा होता. नमाजानंतर त्यानं चक्क चौथ्या श्रेणीसाठी दुआ मागितली, फक्त मरण तेवढं वगळून.

बुधवारी तो निघाला. फाइल, पाण्याची बाटली आणि त्याचं जाड जॅकेट घेऊन हुस्ना मागून येत होती. दवाखान्याच्या चढावर ती दोनदा थांबली.

"पाय उचल," तो पुढूनच म्हणाला. "तो अबू निमर आधी जाऊन बसेल."

आणि तो बसलाच होता बाकावर, औषधं घ्यायला. पण नंबर अबू रातिबचा लागला. आत डॉक्टरीणबाईंनी छातीवर थंड चिकट काहीतरी लावलं, पडद्यावर बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे."

"नीट बघा."

"नीटच बघितलं."

"डावा कप्पा?"

"तोही छान आहे. त्या जनाज्यात उन्हात उपाशी चालला असाल, म्हणून चक्कर आली असेल."

"एखादी श्रेणी? पहिली तरी द्या."

"आजारच नाही, तर श्रेणी कशाची देऊ?"

इनासनं कळा दाबल्या. कागद बाहेर आला: 'हृदयविकार आढळला नाही.' अबू रातिब शर्टाची बटणं लावत बाहेर आला. भर बाजारात कुणी अंगावरचे कपडे उतरवावेत तसं त्याला झालं होतं. बाकावर अबू निमर धापा टाकत, निळ्या ओठांनी बसला होता, आणि त्या घटकेलाही अबू रातिबला त्याचा हेवाच वाटला.

इनास त्याच्यामागून बाहेर आली होती, पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती हुस्नाकडे बघत होती. हुस्नानं जोडे काढून पाय फरशीवर टेकवले होते आणि ती तोंडानं श्वास घेत होती.

"खाला, तुमची फाइल कुठाय?"

"माझी कसली फाइल? रातिबच्या बाळंतपणाची असेल कुठं."

"पाय कधीपासून सुजतात?"

"ऑलिव्ह उतरवले तेव्हापासून."

"या वर्षीचे?"

"त्याच्या आधीचे."

"आडवं झाल्यावर झोप लागते?"

"बसूनच झोपते मी. वाटलं, ह्यांच्या घोरण्यामुळे लागत नाही."

इनासनं तिला दंडाला धरून अनवाणीच आत नेलं. दार बराच वेळ बंद होतं. ते उघडलं तेव्हा हुस्ना डोक्याचा रुमाल बांधत होती, म्हणून इनासनं कागद अबू रातिबच्या हातात दिला.

त्याला वाचायची गरजच नव्हती. दीर्घकालीन हृदयविफलता, डावा कप्पा, श्रेणी तीन. खालचा नंबरही तोच, बैठकीत ऐकून पाठ झालेला. फक्त वर नाव हुस्नाचं होतं. त्यानं ते नाव पुन्हा वाचलं. मग अकरा हंगाम मोजले, शिडीसकट.

"काय लिहिलंय?" हुस्ना बाकावर बसत म्हणाली.

चार दिवस मनातल्या मनात घोकलेले शब्द त्यानं कागदात डोकं घालून एकेक करत वाचले. पलीकडून अबू निमरनं मान खाली घातली.

हुस्नानं गाठ मारली, रुमालाचं टोक खोचलं. "चला," ती म्हणाली. "तुम्हाला हवं होतं ते आलं एकदाचं घरात."

अबू रातिब खाली वाकला. बाकाखालचा तिचा जोडा त्यानं ओढून काढला आणि तिच्या पायात घालू लागला. पाय आत जाईना.