इंडोनेशियन हवा, मलय चालणार नाही

"मलय नाही चालणार, डॉक्टर. पेशंट इंडोनेशियन आहे," मेव्ह फोनवर तिसऱ्यांदा म्हणाली.

मेव्ह आमच्या परदेशातल्या हॉस्पिटलात दुभाषे ठरवायची. माझ्यासमोर युसूफ, मासेमारीच्या बोटीवरचा खलाशी, पोट धरून कळवळत होता. हर्नियात आतडं अडकलं होतं. म्हणजे ते पोटाच्या भिंतीतल्या फटीतून बाहेर येऊन आवळलं जातं, रक्त पोचत नाही आणि सडायला लागतं. ऑपरेशन ताबडतोब हवं होतं. पण कन्सेंटचं नाव काढलं की हा बाबा जोरजोरात मान हलवून 'नो, नो' करायचा. शुद्धीवरचा माणूस नको म्हणतोय, तर मी सर्जन असलो तरी त्याला हात लावू शकत नाही. का नको, ते मात्र कळेना.

"इंडोनेशियन दुभाषा उद्या सकाळी येईल. दॅट्स ग्रँड? चालेल ना?"

"ग्रँड कसलं डोंबलाचं!" मी मराठीतच ओरडलो.

शेजारी आमची भूलतज्ज्ञ आयशा उभी होती. मलेशियाची, मलय बोलणारी. इंडोनेशियाची भाषा मुळात मलयमधूनच घडलेली. देश वेगळे झाले तसे बरेच शब्द आणि उच्चार बदलले, पण दोघांचं एकमेकांशी साधारण निभतं. हे मेव्हला कोण सांगणार?

"मेव्ह, मागच्या आठवड्यात तुम्ही मला एका तमिळ आजोबांकडे दुभाषा म्हणून पाठवलंत. मला तमिळ ओ की ठो कळत नाही!"

"पण तुम्ही दोघंही इंडियनच ना?"

मी कपाळावर हात मारला आणि फोन ठेवला. "आयशा, तू बोल. जबाबदारी माझी."

ती बोलायला लागली. एखादा शब्द अडला की दुसरा वापरायची. थोड्याच वेळात युसूफ चक्क रडायला लागला.

"अरे, तो ऑपरेशनला नाही म्हणतच नाहीये," आयशा म्हणाली. "आईला विचारल्याशिवाय नको म्हणतोय. फोन बोटीवर राहिलाय त्याचा."

हात्तिच्या! नंबर त्याला पाठ होता, आयशाच्याच मोबाइलवरून आईला फोन लावला. माऊली रडली, तिनं दुवा दिली, हो म्हणाली. युसूफनं लगेच सही केली. आतडं काळवंडलं होतं, पण थोडक्यात वाचलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर मेव्ह तिच्या दुभाष्याला घेऊन ऐटीत उभी. युसूफच्या आणि त्याच्या मस्त गप्पा रंगलेल्या.

"इंडोनेशियात कुठले तुम्ही?" मी सहज विचारलं.

"मी? मी मलेशियाचा."

मेव्ह खिडकीबाहेर बघायला लागली. मी तेव्हापासून पेशंटचा देश नंतर विचारतो. आधी विचारतो, बाबा रे, तुला बोलणं कुणाचं कळतं?