आईचं विसरणं वयाचं नव्हतं

“व्हॅस्क्युलर डिमेन्शिया,” मेंदूचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात आणि माणूस विसरत जातो. स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून त्यांनी ठिपके दाखवले. “हे छोटे छोटे झटके. ब्लड प्रेशर वर्षानुवर्षं वाढलेलं असणार. कुणी मोजलं नाही?”

नाही मोजलं. मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

आम्ही खान्देशातून सुरतला आलेले. वडील कापडाच्या लूमवर कामाला, आई भेस्तान भागातल्या आमच्या खोलीत साड्यांना टिकल्या लावायची. साठीही ओलांडली नव्हती, तेव्हापासून ती बाजारातून येताना वाट चुकू लागली. प्रत्येक वेळी मी तिला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. तो तिच्याकडे नीट बघायचाही नाही. “उमर हो गई, बहन. ताकद की सुई दे देता हूँ.”

मग एका दुपारी ती शेजारच्या चाळीत शिरली. तिथल्या खोल्या हुबेहूब आमच्यासारख्या. तिने परक्या घरात स्टोव्ह पेटवून चहा टाकला. घरची बाई ‘चोर, चोर’ ओरडली. मी धावत पोचले तेव्हा एकाने आईचं मनगट पिरगळून धरलं होतं आणि ती रडत आमच्या अहिराणीत सांगत होती, हे माझंच घर आहे, “हाई मन्हं घर शे!”

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठा दवाखाना गाठला.

तिथल्या त्या मेंदूच्या डॉक्टरांनी वेळ देऊन सगळं समजावलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. दाब, साखर, मिश्रीतली तंबाखू, तिन्हींनी मिळून घात केला होता. गेलेलं परत येणार नव्हतं. दाब आटोक्यात राहिला तर पुढचे झटके टळतील, आयुष्य वाढेल. औषध काय, तर रोजची एक साधी गोळी! ती आधी कुणी दिली असती तर?

आई आणखी काही वर्षं जगली. मला तिची बहीण समजून ‘अक्का’ म्हणायची. मी ओ द्यायचे. शेवटी न्यूमोनिया झाला, फुप्फुसात कफ भरला आणि ती गेली.

गल्लीतला डॉक्टर भेटायला आला. “छूट गई बेचारी. उमर थी.”

“उमर नहीं थी, बीपी था,” मी म्हणाले.

तेरावं झाल्यावर मी वडिलांना घेऊन त्याच्याच दवाखान्यात गेले. “पहले इनका बीपी नापो,” मी म्हणाले.

त्याने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. वडिलांचा दाबही वाढलेलाच होता.